धुळ्याहून प्रश्न: शिक्षणसंस्थेतल्या कक्ष अधिकाऱ्याचा परिविक्षा कालावधी (नेमणुकीनंतरची चाचणीची मुदत) संपला, आदेश काहीच निघाला नाही; तो आपोआप कायम झाला का?

नाही, बहुतेक वेळा होत नाही. कायम केल्याचा लेखी आदेश लागतो. एक मोठा अपवाद आहे: नियमात कमाल मुदत ठरलेली असेल, तिच्यापुढे वाढ देता येत नसेल आणि तरीही माणूस कामावर राहिला, तर तो कायम झाला असं सहसा धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग हा निकाल हेच सांगतो. तेव्हा आधी नेमणूक आदेश आणि लागू सेवानियम काढून मुदतवाढीचं वाक्य शब्दशः वाचा. 'इथे असंच चालतं' यावर जाऊ नका.

पुढच्या वेळी मात्र इथवर येऊ देऊ नका. लिपिकाच्या चुका महिनाभरात दिसतात, कक्ष अधिकाऱ्याचा कस परीक्षा नि प्रवेशाच्या धबडग्यातच लागतो. म्हणून:
- दर तीन महिन्यांनी त्रुटी लेखी कळवा, पोच घ्या.
- कायम, मुदतवाढ की सेवासमाप्ती, हे मुदतीच्या महिनाभर आधी ठरवा.

सेवा संपवायचीच असेल तर आदेशात 'काम समाधानकारक नाही' एवढंच लिहा. गैरवर्तनाचा ठपका ठेवलात की रीतसर चौकशी आलीच.