कॅज्युअल्टीत आमचा नंबर आधी असूनही डॉक्टर शेजारच्या शांत बाळाकडे का गेले? आणि मागूनही सलाईन का लावलं नाही?

तुमच्या प्रश्नातच एक दिलासा देणारी गोष्ट आहे. साडेतीन वर्षांचा मुलगा, १०३ ताप, अर्धा तास ओरडून रडत होता आणि सिस्टरनी हात लावला की लाथा झाडत होता, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्याची श्वासाची वाट मोकळी होती, मेंदूला रक्त नीट पोचत होतं आणि लाथा झाडण्याइतकी ताकद अंगात शिल्लक होती. शेजारच्या ८ महिन्यांच्या बाळाबद्दल मात्र तुम्ही ‘आईच्या खांद्यावर गपचूप पडून होतं, टाचेला सुई टोचली तरी रडलं नाही’ असं लिहिलंय, ते वाचून मलाच धस्स झालं.

मी कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे. नंबर केसपेपरच्या खिडकीवर असतो, कॅज्युअल्टीत नसतो. मूल दारातून आत येताना स्टेथोस्कोप न लावता लांबूनच बरंच कळतं. ते आईकडे बघतंय का, समोर धरलेली किल्ली पकडायला जातंय का, की मान टाकून लोंबकळतंय? श्वास घेताना नाकपुड्या फुलतायत का, फासळ्यांखाली खड्डा पडतोय का (गावाकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात ते हेच), प्रत्येक श्वासाला कण्हतंय का? रंग फिका आहे, निळसर आहे की कातडीवर जाळी उमटलीय? मग हातपाय चाचपायचे, आणि नख किंवा छातीचं हाड दाबून सोडायचं. दाबलेली पांढरी जागा पुन्हा गुलाबी व्हायला ३ सेकंदांहून जास्त वेळ लागला आणि सोबत हात गार, नाडी बारीक व जलद असेल, तर ते मूल शॉकमध्ये आहे, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाहीये.

‘डॉक्टर नुसते पोटाकडे बघत उभे होते’ अशीही तुमची तक्रार आहे. ते श्वास मोजत होते. पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात, आणि मूल शांत असतानाच, म्हणून कडेवरून काढतही नाहीत. २ महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वास.

बीपी आधी का नाही घेतलं? मुलांमध्ये बीपी सगळ्यात शेवटी कोसळतं. शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून ते धरून ठेवतं, पाव हिस्सा रक्त गेलं तरी आकडा बरा दिसू शकतो. ‘सर, बीपी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होणाऱ्या ज्युनियर डॉक्टरची मला जास्त काळजी वाटते. टाचेला टोचलं ते साखर बघायला. तान्ह्या बाळाचा साखरेचा साठा जेमतेम असतो. ताप आणि उपास एकत्र आले की तो संपतो आणि बाळ मलूल पडतं, कधी झटके येतात. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या मुलाची साखर मोजायची सोय नसेल, तर ती कमीच आहे असं धरून ग्लुकोज द्यायचं. शीर सापडली नाही तर नडगीच्या हाडात सुई घालूनही देता येतं. बघणाऱ्याला ते भयंकर वाटतं, पण त्याने जीव वाचतात.

आता सलाईन. जुलाब होऊन मूल सुकलं असेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जात असेल आणि मूल गुंगीत असेल, तर सलाईन म्हणजे जीवच. तिथे हात आखडता घ्यायचा नसतो. पण हात गार दिसले की लगेच सलाईन लावा, हे खरं नाही. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात ताप आणि शॉकची लक्षणं असलेल्या ३ हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुलाबाची आणि तीव्र कुपोषित मुलं त्यात घेतली नव्हती. ज्यांना सुरुवातीलाच भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण) शिरेतून दिलं, त्यांच्यातली साधारण १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना दिलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होतं. अतिदक्षता विभाग हाताशी असेल तर गणित बदलतं, तरीही सलाईन थोडं थोडं देऊन दर वेळी श्वास आणि यकृत तपासतच पुढे जायचं.

आम्हा कोकणातल्या डॉक्टरांना हे आधीच माहीत होतं, विंचवामुळे. लाल विंचू चावलेलं मूल घामाने निथळत येतं, उलट्या करतं, हातपाय बर्फासारखे. बघणाऱ्याला वाटतं, पाणी कमी झालं, सलाईन लावा. प्रत्यक्षात विषामुळे रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, बीपी चढलेलं असतं, हृदय थकत चाललेलं असतं. वरून सलाईन ओतलं तर फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी द्यायला सुरुवात केली, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. त्याआधी गंभीर रुग्णांत शंभरातले तीसेक जात, ते प्रमाण अगदी खाली आलं. पुढे त्यांनीच दाखवलं की सोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर मूल आणखी लवकर सावरतं. (२०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते उशिराच.) नुसत्या वेदनेने बोंब मारणारं मूल त्या मानाने कमी धोक्यात असतं. घामाने भिजलेलं, गार पडलेलं मूल मांत्रिकाकडे न्यायचं नाही, थेट १०८ ला फोन.

तुमच्या मुलाला ताप असला तरी तो तोंडाने पाणी पीत होता. त्याला सलाईन नको होतं, ओआरएस आणि पॅरासिटामॉल पुरेसं होतं. मात्र पावसाळ्यातला ताप आहे, तेव्हा तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरल्यावर जास्त लक्ष ठेवा. डेंग्यूत शॉक तेव्हाच येतो. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सहा तास लघवी नाही, किंवा ताप नसूनही मूल झोपाळलेलं, यातलं काहीही दिसलं तर लगेच आणा. फिट आली तर कुशीवर झोपवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती औषधाशिवाय थांबण्याची वाट बघायची नसते.

आणि सिस्टर पहिल्यांदा ‘वजन किती?’ विचारतात तेव्हा चिडू नका. मुलांचं प्रत्येक औषध किलोवर ठरतं. घरी जे दिलं असेल त्याची बाटलीच सोबत आणा. पॅरासिटामॉलची सिरपं ५ मिलीत १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींची मिळतात, ‘एक चमचा दिलं’ यावरून आम्हाला काहीच कळत नाही.