जरा आवाज कमी करता का?

लाडके ओवी,

काल झोपताना तू दोन प्रश्न विचारलेस. सुट्टीत मुंबईला गेलो तेव्हा लोकलमध्ये एका अनोळखी काकूंनी मला "कुठे उतरणार?" विचारलं, तो आगाऊपणा नव्हता का? आणि पलीकडची ताई मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ लावून बसली होती, तिला कुणीच काही का बोललं नाही?

अगं, काकूंना माझी चौकशी करायची नव्हती, माझी जागा हवी होती. मी "ठाणे" म्हटलं आणि त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. ठाण्याला ती जागा त्यांची, हे बाकी साऱ्याजणींनी मुकाट मान्य केलं. तिघींच्या बाकावर चौथी बसते तीही "जरा सरकता का?" एवढ्यावरच. त्या 'जरा'त आणि 'सरकता'त तुझं प्लीज आलं. आणि तुझा पाय शेजारच्या आजींना लागला, तेव्हा मी तुला त्यांच्या हाताला हात लावून तो छातीशी न्यायला सांगितलं, आठवतं? त्या किती गोड हसल्या!

दुसरा प्रश्न मात्र मला लागला. पाय लागलेला दिसतो, आवाज लागलेला दिसत नाही. शिवाय "जाऊ दे, कशाला वाईटपणा घ्या" ही आपली जुनी सवय. कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला वर्षातून फार तर १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट मिळू शकते. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पण आपल्या आजोबांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी गणपतीत उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. शेजारी म्हणाले, देवाचं काम आहे, बोलू नकोस. मी खाली गेले. "दादा, वर बाबा आजारी आहेत, जरा आवाज कमी करता का?" मंडळाच्या मुलांनी लगेच आवाज उतरवला, स्पीकरचं तोंडही फिरवलं. त्यातला एक रोज सकाळी येऊन आजोबांची विचारपूस करून जायचा. त्यांना वरचं काही माहीतच नव्हतं गं.

त्या ताईलाही मी असंच म्हणायला हवं होतं. गप्प बसले, ते चुकलंच. पुढच्या खेपेला म्हणेन. तू शेजारी बस.

तुझी,
आई