पावसाने ‘आईदा’ थांबली तर जागा सोडून जाऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. आई-बाबा पुण्याहून येतायत, जुलैत इटलीतल्या वेरोनाच्या अरेनात, म्हणजे तिथल्या उघड्या रोमन रंगमंडलात, उन्हाळी ऑपेरा महोत्सवातला वेर्दी या संगीतकाराचा ‘आईदा’ हा ऑपेरा (गाण्यातून सादर होणारं नाटक) बघायचंय, वरच्या दगडी पायऱ्यांची चार तिकिटं हातात आहेत, आणि अंदाजात रोज संध्याकाळी विजांसह पाऊस दिसतोय. तिकिटं बदलावीत का, पाऊस आला तर पैसे परत मिळतात का, असं तुम्ही विचारलंय. सात वर्षांपूर्वी मी अगदी हेच विचारलं होतं, तेही आई-बाबा, जुलै आणि ‘आईदा’ यांच्याच बाबतीत. मला मिळालेल्या उत्तरावर मी विसंबले आणि आमची ती रात्र हातची गेली.

व्हिसा, विमान, जर्मनीतल्या म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून जाणारी थेट गाडी हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून सरळ पावसाकडे येते.

आधी नियम. प्रयोग सुरूच झाला नाही आणि रद्द झाला, तर पैसे परत मिळतात. एकदा सुरू झाला आणि मग पावसाने बंद पडला, तर मिळत नाहीत. मग दहा मिनिटं झालेली असोत की दोन अंक. मी वकील नाही आणि अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, त्यामुळे तुमच्या तिकिटावरचा मजकूर स्वतः वाचा. पण गाभा हाच आहे आणि तो मला आधी कुणी सांगितला नाही.

मी तिकिटं महोत्सवाच्या स्वतःच्या तिकीटखिडकीतून घेतली नव्हती. एका मध्यस्थ संकेतस्थळावरून घेतली होती, कारण ते शोधात सगळ्यात वर आलं आणि पानही जर्मनमध्ये होतं. निघायच्या आधी त्यांना मेल करून विचारलं, पाऊस आला तर काय? उत्तर आलं एका ओळीचं: पाऊस आल्यास रक्कम परत मिळेल. बास. सुरू होण्याआधी की नंतर, त्याबद्दल एक अक्षर नाही. मीही उलटून विचारलं नाही. ती ओळ छापून पर्समध्ये ठेवली होती.

त्या रात्री सव्वानऊला प्रयोग सुरू झाला. दिवसभर तापलेला दगड उशीतूनही ऊब देत होता. अंधार पडत होता आणि वरच्या पायऱ्यांवर लोकांनी छोट्या मेणबत्त्या लावल्या होत्या. ही तिथली जुनी प्रथा. गाणाऱ्यांच्या तोंडापुढे माइक नाही, तरी शब्द न् शब्द आमच्यापर्यंत येत होता. बाबा चाळीस वर्षं सतरंजी घेऊन सवाईला जाणारे. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, “काय आवाज लागलाय!”

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. चार थेंब पडले. वादकांनी व्हायोलिनं काखेत घेतली आणि क्षणात निघून गेले. लाकडी वाद्यं, थेंबही चालत नाही त्यांना. मग पाऊस खरोखरच आला. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, ओल्या झाल्या की घसरड्या, आणि आईचे गुडघे दुखरे. मी घाबरले. सगळ्यांना खाली आणलं. खालच्या दगडी कमानींत माणसं दाटीवाटीने उभी होती, कुणी बाहेर पडत नव्हतं. बाबा म्हणाले, “थोडं थांबू या की.” मी म्हटलं, बाबा, आता काही होत नाही, पैसे परत मिळतात, उद्या-परवाचं बघू. आणि आम्ही निघालो.

खोली सात-आठ मिनिटांवर होती. बाबांचा सदरा खुर्चीवर वाळत घातला. पाऊस थांबला होता म्हणून आईने खिडकी उघडली. साडेअकराच्या पुढे कधीतरी त्या खिडकीतून तुताऱ्यांचा आवाज आला. दुसऱ्या अंकातली विजययात्रा. बाबा बनियनवर खिडकीशी जाऊन उभे राहिले. “सुरू केलं त्यांनी,” एवढंच म्हणाले. मधली सुटी वगळता शेवटपर्यंत तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी होती.

पैशांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. प्रयोग पार पडला, म्हणून परतावा नाही, असं त्या मध्यस्थांनी कळवलं. मी त्यांचीच ओळ त्यांना पाठवली. त्यावर उत्तर आलं की ती सर्वसाधारण माहिती होती. सहा आठवडे मेल चालले. तिकिटावर छापलेली किंमत आणि आम्ही मोजलेली किंमत यांतला फरकही तेव्हाच लक्षात आला. तो सेवाशुल्क म्हणून गेलेला. मला आजही याचा राग येतो. पैशांचं सोडा; त्यांनी दोन ओळी नीट लिहिल्या असत्या तर मी बाबांचं ऐकलं असतं.

म्हणून माझं मत, आणि हे फक्त माझं मत आहे: तिकिटं बदलू नका. तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचं वादळ येतं तसं जातंही. अंदाजातलं ढगाचं चित्र पाहून काही ठरवता येत नाही. सुरुवात लांबवतात, मध्ये थांबवतात, पण लगेच रद्द करत नाहीत. पाऊस आला की खाली कमानींत जा आणि अधिकृत घोषणा होईपर्यंत तिथेच राहा. घोषणा इटालियनमध्ये आधी होते, इतर भाषांत नंतर, तेव्हा गर्दी हलली म्हणून तुम्ही हलू नका. पुन्हा वर जाताना घाई नको, दगड ओला असतो. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा. छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही.

इथे बरेच जण लिहितात की पायऱ्यांवर बसण्यात काही मजा नाही, खालच्या खुर्च्याच घ्या. मला ते पटत नाही. तो सगळा कटोरा वरूनच दिसतो. पहिल्या शतकातलं रोमन बांधकाम आहे ते. 1117 च्या भूकंपात बाहेरची भिंत पडली, तिच्या चार कमानी तेवढ्या अजून उभ्या आहेत. आणि आत आजही माणसं येऊन गाणं ऐकतात. तिथे ऑपेरा सुरू झाला 1913 साली, वेर्दीच्या जन्मशताब्दीला, 10 ऑगस्टला, आणि पहिला प्रयोग ‘आईदा’चाच. वेरोनाजवळचाच जोव्हान्नी झेनातेल्लो हा तेनोर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) त्यामागे होता. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “म्हणजे गंधर्व नाटक मंडळी निघाली तेच साल.” तुमच्या बाबांनाही सांगून बघा. प्रसिद्ध ऑपेरा गायिका मारिया कॅलास इटलीत पहिल्यांदा गायली तीही इथेच, 1947 साली. मात्र आईंचे गुडघे खरंच त्रास देत असतील तर खुर्च्यांचा विचार करा, तिथे माझा आग्रह नाही.

आणखी थोडं. गोष्ट आधी घरी सांगून ठेवा: कैदेतली इथिओपियाची राजकन्या, तिच्यावर जीव लावणारा शत्रूचा सेनापती, आणि शेवटी जिवंतपणी बंद केलेलं ते थडगं. गोष्ट माहीत असली की भाषेचं अडत नाही. चार अंक आणि मध्यांतरं धरून मध्यरात्र उलटते, तेव्हा रात्रीच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, मुक्काम वेरोनातच करा. काचेची बाटली आत नेऊ देत नाहीत. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती, ती चालली. उशी भाड्याने मिळते; पण आईंसाठी घरची जाड उशी न्या, पाठीलाही होते.

पायऱ्यांवर क्रमांक नसतील तर दार उघडायच्या आधी रांगेत उभे राहा आणि रंगमंचाच्या समोरची बाजू धरा. अगदी कडेला बसलात तर अर्धा देखावा हुकतो. आणि आई-बाबांना जिन्यालगतची जागा द्या. पाऊस आलाच तर कुणाला ओलांडावं न लागता खाली उतरता येतं, आणि थांबला की सगळ्यांच्या आधी परत वर जाता येतं.