1991च्या मियाटात 2003चं इंजिन घरच्या गॅरेजमध्ये बसवता येईल का? खर्च किती येतो, आणि मूळ इंजिन काढल्याने गाडीची किंमत जाते का?

येतं. 1991चीच मियाटा (माझदाची दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी), तिचं 1.6 लिटरचं इंजिन काढून 2003च्या मियाटाचं 1.8 लिटरचं व्हीव्हीटी (चालू इंजिनात कॅमची वेळ पुढे-मागे करणारं) इंजिन मी स्वतः चढवलंय, मिशिगनमध्ये, घराच्या गॅरेजात. लिफ्ट नव्हती. चार जॅकस्टँड आणि भाड्याने आणलेला हॉइस्ट, एवढ्यावर काम झालं. गाडी आजही व्यवस्थित पळते. फक्त रस्त्यावर मीठ पडायला लागलं की हिवाळाभर झाकून ठेवतो.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या एका परिचितांचं म्हणणं, "सव्वीस हॉर्सपॉवरसाठी मूळ इंजिन काढणं हा शुद्ध मूर्खपणा, काढायचंच तर व्ही-एट घाल." (व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं मोठं इंजिन.) हे वाचलं आणि राहवलं नाही. जवळपास हेच वाक्य इथला एक मित्र मला कितीतरी वर्षं ऐकवतोय. मूळचा नाशिकचा, गाड्यांतलं खरोखर कळणारा माणूस. गणपतीत, फराळाला, कुणाच्या मुलाच्या मुंजीत, चार लोक जमले की सुरू. "सव्वीस घोड्यांसाठी ह्यानं अख्खा उन्हाळा ग्रीसमध्ये घातला." 116चे 142 झाले, म्हणजे सव्वीस, हे खरंच आहे. पण मी ते इंजिन सव्वीस घोड्यांसाठी काढलंच नव्हतं. हे त्याला कितीदा सांगितलं तरी पटत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

तुमची गाडीही 1991ची आहे म्हणून हे नीट वाचा. 1990पासून 1991च्या साधारण मध्यापर्यंतच्या 1.6 इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना कुणी पुलीचा मधला बोल्ट नीट टॉर्क न लावता आवळला, की पुली तिथं हळूहळू हलायला लागते. पुलीला क्रँकवर पक्कं धरणारी आतली छोटी चावी, म्हणजे 'की', झिजते, मग क्रँकमधली खाच रुंद होते. टायमिंग मागे पडतं, गाडी चढावर दम टाकते, आणि माणूस प्लग, फिल्टर, फ्युएल पंप बदलत बसतो. ओळखायची खूण सोपी आहे: पुलीच्या मागच्या टायमिंग गिअरच्या तोंडावर चार खाचा असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब. आधी हे बघा, इंजिन शोधायला नंतर निघा.

माझ्या गाडीचा हा आजार आमच्या आप्पांनी पकडला. आप्पा म्हणजे वडील. सगळी नोकरी एस.टी.च्या कोल्हापूरच्या कार्यशाळेत गेली. त्या उन्हाळ्यात ते आणि आई इकडे आले होते. गाडी आयडलला चालू होती, बॉनेट उघडं, आणि आप्पा टॉर्च घेऊन रेडिएटरवरून वाकून नुसते बघत उभे. म्हणाले, "पुली नाचतीया बघ." मला दिसेना. त्यांनी टॉर्च बाजूने मारली, तेव्हा पुलीची कड आत-बाहेर होताना दिसली, अगदी केसभर. संध्याकाळी पुली उतरवली. आप्पांनी चष्मा वर केला आणि अंगठ्याचं नख क्रँकच्या खाचेत घालून एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत नेलं. खाचेची एक भिंत सरळ होती, दुसरी गोलावलेली. नख तिथं अडकतच नव्हतं. "ह्या क्रँकवर आता पैसं घालू नगंस. दुसरं चढव."

लॉकटाइट (धातू चिकटवणारा गोंद) भरून नवी 'की' बसवायची एक युक्ती लोक सांगतात. थोड्या झिजलेल्या खाचेत ती चालते. माझी त्या पलीकडे गेली होती. म्हणजे क्रँक बदलून अख्खं इंजिन बांधायचं, नाहीतर दुसरं इंजिन आणायचं, असे दोनच मार्ग होते. आणि दुसरं आणायचंच तर तसंच झिजकं 1.6 पुन्हा का आणायचं? आप्पांना यात "गाडीचा आत्मा जातो" वगैरे काही वाटलंच नाही. एस.टी.त गाडी स्वतःच्या इंजिनची वाट बघत उभी राहत नाही, तयार असेल ते इंजिन चढवतात आणि उतरवलेलं दुरुस्त होऊन तिसऱ्याच गाडीत जातं. गाडी मार्गावर हवी. माझंही मत तेच झालं आहे.

आता 1.8 व्हीव्हीटीच का. 1.6 आणि 1.8 ही माझदाच्या एकाच घराण्यातली इंजिनं. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, बेल्टवरचे दोन कॅम. तुमचा 1.6चा गिअरबॉक्स 1.8ला जसाच्या तसा लागतो. फ्लायव्हील आणि क्लच मात्र 1.8चे घ्या. 1.6ची क्लच प्लेट 200 मिलिमीटरची आहे, 1.8ची 215ची. 2001मध्ये माझदाने ह्या व्हीव्हीटी इंजिनाचे आकडे आधी 155 हॉर्सपॉवर छापले आणि मग दुरुस्ती करून 142 वर आणले, त्यामुळे जाहिरातीतल्या 155वर जाऊ नका. पण मित्र ज्याकडे बघत नाही तो आकडा टॉर्कचा आहे: 100 पाउंड-फूटचे 125. पाव हिस्सा जास्त, आणि तोही टनापेक्षा हलक्या गाडीत. आधी घाटासारख्या वळणांवर तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागायचं, तिथं आता तिसऱ्यातच गाडी ओढते. ज्याला हे गाडी चालवताना कळत नाही त्याला कागदावर कळणार नाही.

इंजिन उतरवणं-चढवणं हा सोपा भाग आहे, मॅन्युअल समोर ठेवून कुणीही करेल. एकच सांगतो. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम जाते, ती सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक लावा. आणि नवीन इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑइल सील सगळं नवं घाला. जुन्या गाड्यांचे भाग विकणारा यार्डवाला सांगतो "कमी चाललेलं आहे", त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

खरं काम वायरिंगचं. तुमच्या 1991च्या इंजिन कॉम्प्युटरला व्हीव्हीटी म्हणजे काय हेच माहीत नाही. कॅम पुढे-मागे करणारा ऑइलचा व्हॉल्व्ह तो चालवू शकत नाही. जुन्या इंजिनाला स्पार्कची वेळ कळते ती हेडच्या मागच्या टोकाला बसलेल्या कॅम अँगल सेन्सरवरून. नव्याला क्रँक पुलीच्या मागे चार दातांची चकती आहे आणि तिचा वेगळा सेन्सर. जुन्याचा हवा मोजणारा मीटर हवेने उघडणाऱ्या दाराचा आहे, तो तसाही काढून फेकण्याच्या लायकीचा. मी मेगास्क्वर्ट घातला, म्हणजे स्वतः ट्यून करता येणारा वेगळा इंजिन कॉम्प्युटर. जुना कॉम्प्युटर डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायांपाशी, कार्पेटखाली असतो. तिथपर्यंतची प्रत्येक वायर मास्किंग टेप लावून, त्यावर लिहून मगच कापली. स्वयंपाकघरातलं टेबल कित्येक आठवडे दोन गाड्यांच्या वायरिंग डायग्रामखाली होतं आणि बायकोने ते सोसलं, हेही इथं लिहायला हवं. गाडी पहिल्यांदा सुरू होणं हा काही टप्पा नव्हे. ट्यूनिंग, विशेषतः थंडीत सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होऊन आयडलला शांत बसणं, त्यात पुढचा हिवाळा गेला.

पेट्रोलच्या लाइनकडेही बघा. 2003च्या रेलला (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) परतीचा पाइपच नाही, रेग्युलेटर टाकीत आहे. तुमच्या गाडीत रेग्युलेटर रेलवर आहे आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत जातं. हे जमवून घ्यावं लागतं. आणि ऑइल प्रेशरचा सेंडर (प्रेशर मोजून डॅशबोर्डला कळवणारा भाग) जुन्या इंजिनचा काढून नव्याला लावा. तुमच्या डॅशबोर्डवरचा काटा खरंखुरं प्रेशर दाखवतो. 1995पासूनच्या मियाटांत तो काटा नुसता आहे-नाही एवढंच सांगतो, त्यामुळे नवा सेंडर तुमच्या मीटरला चालत नाही. आप्पांनी स्पार्क बंद ठेवून, नुसत्या सेल्फवर तो काटा वर येईपर्यंत इंजिन सुरू करू दिलं नाही. तुम्हीही तसंच करा.

पाण्याचं एक. ही इंजिनं मुळात माझदाच्या पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत आडवी बसायची. पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. मियाटात इंजिन उभं बसवलं, मागचं टोक फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) भिडलं, म्हणून पाण्याची बाहेर पडायची वाटही पुढेच आणली. मागच्या, चौथ्या सिलिंडरकडे पाणी कमी फिरतं. इंजिन बाहेर असताना थर्मोस्टॅट आणि वरचा पाइप मागच्या टोकाला बसवून घ्या. नंतर तिथं हात जात नाही.

आता व्ही-एट. मित्राचं म्हणणं, एवढं सगळं करायचंच तर मोठंच करावं. मला हे मुळातच मान्य नाही. व्ही-एटसाठी पुढची सबफ्रेम बदला, गिअरबॉक्स बदला, डिफरन्शियल, शाफ्ट, रेडिएटर, एक्झॉस्ट, सगळं बदला. उरतं काय, बॉडी आणि काचा. मियाटाचं इंजिन पुढच्या एक्सलच्या मागे सरकवून बसवलंय, वजन पुढे-मागे जवळजवळ समान आहे, त्यासाठीच ही गाडी लोक घेतात. लोखंडी ब्लॉकच्या जागी त्याच मापाचा लोखंडी ब्लॉक घातला तर त्यातलं काही बिघडत नाही. मित्राने त्याची स्वतःची गाडी व्ही-एटसाठी खोलली होती. ती खोललेली विकली. मी हे त्याला कधी तोंडावर बोललो नाही. पण दरवेळी सव्वीस घोडे मोजणाऱ्याने एकदा स्वतःच्या गाडीत बसून गॅरेजबाहेर यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नीट झालेल्या व्ही-एट मियाटा मी पाहिल्या आहेत, चालवलीही आहे एक, जबरदस्त गाडी. फक्त ते घरच्या गॅरेजात सुट्टीच्या दिवशी करायचं काम नाही आणि तुम्ही घरी करायचं विचारलंय.

खर्च: यार्डातलं इंजिन हा त्यातला लहान भाग. कॉम्प्युटर, वायरिंग, क्लच, सील, पाइप हे मिळून इंजिनापेक्षा जास्त होतं, एवढं धरून चाला. आणि डिफरन्शियल. 1993पर्यंतच्या मियाटात सहा इंची क्राउन गिअरचा आहे, 1994पासून सात इंची. सहा इंची हा 1.6च्याच टॉर्कला कमकुवत, 1.8च्या टॉर्कवर क्लच सोडताना आक्रस्ताळेपणा केलात तर तुटेल. सात इंची लावताना त्याचे दोन्ही एक्सल शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही लागतात.

किंमत जाते का? चांगल्या मूळ इंजिनाची, कमी चाललेली, सगळे कागद असलेली गाडी असेल तर हो, तिला हात लावू नका. क्रँक झिजलेल्या गाडीची मूळपणाची किंमत कोण देतं? तरी काढलेलं इंजिन भंगारात घालू नका, सिलिंडरमध्ये ऑइल टाकून गुंडाळून ठेवा.

हे सगळं मी मिशिगनवरून लिहितोय, इथं गाडीची धूर तपासणी नाही. तुम्ही सॅन होजेत आहात आणि कॅलिफोर्नियात 1976 आणि त्यानंतरच्या गाड्यांना ती आहे, त्यामुळे माझा मार्ग तुम्हाला जसाच्या तसा चालणार नाही. तिथं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं, हे तुमच्या बाबतीत ठीकच आहे. पण ते इंजिन ज्या गाडीतून काढलं तिच्यातली धुराची सगळी सामग्री आणि तिचाच कॉम्प्युटरही बरोबर आणावा लागतो. रेफरी, म्हणजे राज्याचा धूर तपासणारा अधिकृत माणूस, ते तपासून दाराच्या खांबावर लेबल लावतो, मगच पुढे. मेगास्क्वर्टवर तिथं पास व्हायची आशा धरू नका. (भारतातून वाचणाऱ्यांनी तर आर.टी.ओ.च्या लेखी परवानगीशिवाय पानाच उचलू नये, आर.सी.वर इंजिन नंबर असतो.)

म्हणून तुम्ही नुसतं इंजिन घेऊ नका. बाजूने ठोकलेली 2001 ते 2005मधली अख्खी मियाटा घ्या. इंजिन, कॉम्प्युटर, पूर्ण वायरिंग, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग), टाकीकडच्या वाफेच्या नळ्या आणि सात इंची डिफरन्शियल, सगळं एकाच गाडीतलं मिळेल. किल्लीसुद्धा मागून घ्या, कॉम्प्युटर इमोबिलायझरचा (ओळखीची किल्ली मागणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) निघाला तर किल्लीशिवाय तो इंजिन सुरू होऊ देणार नाही.