गोठ्यातली वही आणि बारावीचं गणित

प्रश्न : मी संगमनेर तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. घरी चौदा संकरित गायी आहेत. कोणती गाय किती दूध देते ते मी रोज वहीत लिहिते. गणित आवडतं, बायोलॉजीचा मात्र कंटाळा येतो. पप्पा म्हणतात, घरचा गोठा आहे तर व्हेटरनरीच कर. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती वही.

गाय व्याल्यावर दूध चढतं, साधारण सहा-आठ आठवड्यांत शिखर गाठतं आणि मग आटेपर्यंत हळूहळू उतरतं. पप्पांना हे कुणी शिकवायला नको. १९६७ मध्ये वुड या संशोधकाने हाच चढउतार एका सूत्रात बसवला. आठवड्याच्या अंकाचा ‘ब’ घात घ्यायचा, त्याला ‘ई’ या स्थिरांकाच्या (सुमारे २.७१८) (उणे क गुणिले आठवडा) घाताने गुणायचं आणि सगळ्याला ‘अ’ने, की त्या आठवड्यातलं रोजचं दूध मिळतं. ‘ब’ दूध चढवतो, ‘क’ उतरवतो. आता तुझ्या अभ्यासक्रमातलं कमाल-किमान मूल्य आठव : विकलज (डेरिव्हेटिव्ह) शून्य धरलं की शिखर येतं ब भागिले क या आठवड्यात. अ १५, ब ०.२, क ०.०३ घेऊन बघ. सातव्या आठवड्याच्या सुमारास रोजचं १८ लिटर, तिसाव्या आठवड्यात १२. प्रत्यक्षात तिसाव्या आठवड्यात ९ च भरलं, तर पेंड, मुरघास, कासदाह यांपैकी कुठे बिनसलंय ते शोधायचं. पहिल्या वेताच्या गायीचं शिखर बुटकं, पण उतारही सौम्य असतो. तिला जुन्या गायीच्या मापाने मोजू नकोस.

हे काम करणाऱ्यांना पशुवैद्यकाची पदवी लागतेच असं नाही. व्हेटरनरीला ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पुढे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, आणि त्यातली बरीचशी बायोलॉजीच. ज्याचा आत्ताच कंटाळा येतो ते केवळ गोठ्यापायी घेऊ नकोस. माझा कौल बी.एस्सी. संख्याशास्त्राला. मग कृषी सांख्यिकीत एम.एस्सी.; त्यासाठी दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था हे मोठं ठिकाण. प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधीच पाहून ठेव, बी.एस्सी.चे विषय निवडताना त्या उपयोगी पडतील. सोबत आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा शीक. पशुवैद्यकातून पशू आनुवंशिकीकडे जाणारी वाटही आहे. मुलींच्या दुधावरून बापाची, म्हणजे वळूची पारख करणारं गणित तिथं चालतं. मोहात पाडणारं आहे, पण तिथं बायोलॉजी सुटत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘दुधाचं गणित करणारी हवी’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. पशुखाद्य, पैदास, डेअरी, संशोधन अशा ठिकाणी या कामाच्या जागा असतात, पण मोजक्याच. तिथं नाही जमलं तरी संख्याशास्त्र बँकेत, विम्यात, औषध कंपनीत चालतं. पप्पांना ही बाजू आधी सांग.

आणि त्यांना पटवायचं असेल तर नुकत्याच व्यालेल्या एका गायीचे पहिले दहा आठवडे घे, आलेख काढ आणि पंधराव्या आठवड्याचं दूध आधीच कागदावर लिहून त्यांच्याकडे ठेवायला दे.