सततच्या पावसात कोंबड्यांच्या बाहेरच्या जाळीत खाली काय टाकावं? पेंढा दोन दिवसात सडतोय, आणि पिल्लंही त्याच जाळीत आहेत

सगळ्यात आधी तो पेंढा बंद करा. पेंढा पाणी धरून बसतो, कोंबड्या वरून तुडवून त्याचा थर करतात, खाली हवा जात नाही आणि मग बुरशी धरते. ती बुरशी श्वासातून आत गेली की अ‍ॅस्परजिलोसिस हा फुफ्फुसाचा रोग होऊ शकतो आणि तो झाल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. वाळलेलं गवत तर त्याहून वाईट.

पण दुसरं काही आणायच्या आधी एकदा भर पावसात छत्री घेऊन जाळीजवळ उभे राहा आणि पाणी नक्की येतंय कुठून ते बघा. बरेचदा वरून पडणारा पाऊस हा मुख्य प्रॉब्लेम नसतोच, खुराड्याच्या पत्र्यावरची धार थेट जाळीत पडत असते नाहीतर वरच्या अंगाने पाणी वाहत येत असतं. १० चौरस मीटर पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० लिटर पाणी होतं, ते सगळं एकाच कडेला ओतलं जात असेल तर खाली काहीही टाका, चिखल होणारच. म्हणून पत्र्याला पन्हळ लावा, वरच्या अंगाला चर काढा.

आता टाकायचं काय, तर माझं मत लाकडाच्या जाड ढलप्या. झाडाच्या फांद्या मशीनमध्ये घालून करतात त्या, साधारण २ ते ५ सेंटीमीटरच्या, आणि थर चांगला वीतभर हवा, वरवर पसरून काही होत नाही. आधी वरचा पातळ राडा फावड्याने काढून टाका, नाहीतर ढलप्या त्यातच रुततात. ढलप्यांमध्ये फटी राहतात त्यामुळे पाणी खाली निघून जातं, वर पाय ठेवायला त्यामानाने कोरडं राहतं, विष्ठा उकरण्यात खाली जाते आणि तिथे लाकडाबरोबर हळूहळू कुजते म्हणून अमोनियाचा वासही कमी येतो. कोंबड्या किड्यांसाठी दिवसभर उकरत बसतात त्यामुळे दाराजवळ हमखास खड्डा पडतो आणि सगळा माल जाळीच्या कडेला जाऊन साठतो, तो दंताळ्याने परत मधे ओढायचा, एवढंच काम. खालचा थर काळा, मातीसारखा झाला की काढून खताच्या ढिगावर टाका आणि नवीन भरा. फक्त निव्वळ सालीचे तुकडे घेऊ नका, त्यांना बुरशी लवकर धरते, आणि रंगवलेलं किंवा केमिकल मारलेलं लाकूड तर अजिबातच नको.

वाळू चालते, पण वर छप्पर असेल तरच, आणि जाडी वाळू. उघड्यावर चिकण मातीवर टाकली तर ती चिखलातच मिसळून जाते, शिवाय वाळूत विष्ठा कुजत नाही, रोज उचलावी लागते. लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस आत खुराड्यात गादी पद्धतीला (जमिनीवर जाड थर अंथरून ठेवतात ती) ठीक आहे, बाहेर पावसात त्याची लापशी होते. खडी टाकायचीच असेल तर ढलप्यांच्या खाली, निचऱ्यासाठी. वर टोकदार खडी असली की तळव्याला जखम होते, मग गाठ येऊन मधे काळी खपली धरते, तेच बंबलफूट.

आणि चिखल सुकवायला कोणी कळीचा चुना टाका सांगेल तर कोंबड्या आत असताना नका टाकू, ओल्यात तो पाय भाजतो.

तुम्ही लिहिलंय की पिल्लंही त्याच जाळीत आहेत, त्यांना तूर्त वेगळं कोरड्यात ठेवा. विष्ठेतले कॉक्सिडियाचे (आतड्यात वाढणारा सूक्ष्म परजीवी) जंतू ओलावा आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसात लागण करण्याइतके तयार होतात आणि रक्ती हगवणीने पिल्लं पटापट जातात. ढलप्या टाकल्यावर अधूनमधून खालच्या थरातली मूठभर काढून दाबून बघा, हात ओलसर झाला तर ठीक, पाणी ठिबकलं तर वरून आणखी ढलप्या ओतू नका, चर तुंबलाय का ते बघा.