सी भाषेत वय घेतल्यावर तुकडी विचारायला प्रोग्राम थांबतच नाही, असं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन तक्रारी आहेत. "%डी" ने (आकडा वाचायची खूण) वय घेतल्यावर "%सी" ने (एक कॅरेक्टर वाचायची खूण) तुकडी विचारली, की प्रोग्राम न थांबता पुढे जातो. वयाच्या जागी चुकून अक्षर पडलं की लूप सैरावैरा धावत सुटतो. आणि उरलेलं इनपुट साफ करायला मित्राने सुचवलेलं एफफ्लश(एसटीडीइन) त्याच्या मशीनवर चाललं, तुमच्याकडे नाही. तिन्हींचं मूळ एकच आहे: स्कॅनएफ, म्हणजे या खुणांप्रमाणे इनपुट वाचणारं फंक्शन, ओळ वाचत नाही, कॅरेक्टर वाचतं. जे त्याला नको असतं ते तिथेच सोडून देतं.

(कोड मी इथे देवनागरीत लिहितोय. एडिटरमध्ये अक्षरं आणि आकडे रोमनच हवेत. साध्या "%डी" समोर देवनागरी १७ टाकलं तर तो त्याला आकडा मानतच नाही.)

तुम्ही १७ टाइप करून एंटर दाबता तेव्हा काय होतं ते पाहू. एंटर दाबेपर्यंत ती ओळ टर्मिनल स्वतःकडेच धरून ठेवतं, म्हणून तर बॅकस्पेसने चूक खोडता येते. एंटर दाबल्यावर प्रोग्रामच्या हाती तीन कॅरेक्टर येतात: एक, सात आणि नव्या ओळीचं '\एन'. "%डी" एक घेतो, सात घेतो, पुढे '\एन' दिसल्यावर 'हे काही माझं नाही' म्हणून थांबतो. ते '\एन' रांगेत पहिल्या नंबरावर उभं राहतं. मग "%सी" येतो. त्याला कुठलंही एक कॅरेक्टर चालतं, तो तेच उचलतो आणि मोकळा होतो. म्हणजे प्रोग्रामने तुम्हाला डावललेलं नाही, त्याला उत्तर आधीच मिळालेलं आहे. पडताळायचं असेल तर तुकडी "%सी" ऐवजी "%डी" ने छापून बघा, १० दिसेल. '\एन' चा आस्की क्रमांक, म्हणजे कॅरेक्टरच्या यादीतला नंबर, तोच आहे.

उपाय एका स्पेसचा आहे: स्कॅनएफ(" %सी", &तुकडी). फॉरमॅट स्ट्रिंगमधल्या एका स्पेसचा अर्थ 'समोर जितक्या स्पेस, टॅब, नव्या ओळी असतील तितक्या गिळ, नसल्या तरी हरकत नाही' असा होतो. "%डी", "%एफ" (दशांश आकडा), "%एस" (शब्द) हे काम स्वतःहून करतात. "%सी" करत नाही, चौकटी कंसवाला "%[" ही करत नाही. म्हणून दोन आकडे लागोपाठ घेताना ही अडचण कधी येत नाही, आणि आकड्यामागून अक्षर घेताना हमखास येते.

मात्र ती स्पेस शेवटी टाकू नका. "%डी " किंवा "%डी\एन" लिहिलं तर स्कॅनएफ मोकळ्या जागा गिळत बसतं, आणि मोकळी जागा संपली हे कळायला त्याला त्यानंतरचं एखादं खरं कॅरेक्टर दिसावं लागतं. तुम्ही एंटरमागून एंटर दाबता, ते एकेक गिळतं. सुरुवातीच्या काळात मी प्रिंटएफच्या (छापणाऱ्या फंक्शनच्या) सवयीने असंच '\एन' जोडलं होतं आणि प्रोग्राम अडकला समजून तासभर भलतीकडेच चूक शोधत होतो.

आता लूपबद्दल. "%डी" समोर अक्षर आलं तर तो ते घेत नाही आणि फेकूनही देत नाही. अक्षर तिथेच राहतं, वयाचं व्हेरिएबल जसंच्या तसं राहतं. लूप पुन्हा फिरतो, पुन्हा तेच अक्षर समोर. कीबोर्डला हात न लावता हजारो फेऱ्या. हे कळायला स्कॅनएफ काय परत देतं ते बघावं लागतं, आणि नवशिके (एकेकाळी मीही) नेमकं तेच बघत नाहीत. ते एक आकडा परत देतं: किती किमती यशस्वीपणे भरल्या. एक मागितली आणि एक भरली तर १. अक्षर आडवं आलं तर ०. काही भरण्याआधीच इनपुट संपलं तर ईओएफ ('इनपुट संपलं' ही खूण), जो ऋण असतो. तुम्ही लूपची अट 'ईओएफ येईपर्यंत' अशी लिहिली आहे. शून्य म्हणजे ईओएफ नव्हे, त्यामुळे अट कायम खरी राहते. 'जितक्या मागितल्या तितक्या भरल्या का' अशीच तुलना करा.

एफफ्लश हे आउटपुटसाठी आहे, बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) साठलेलं बाहेर ढकलण्यासाठी. इनपुट स्ट्रीमवर ते वापरलं तर काय व्हावं हे सीचं स्टँडर्ड ठरवतच नाही. काही लायब्ऱ्यांनी स्वतःच्या मर्जीने त्याला 'इनपुट साफ करा' असा अर्थ दिला, म्हणून मित्राकडे चाललं. उरलेली ओळ फेकायचीच असेल तर गेटकॅरने एकेक कॅरेक्टर घेत राहा, '\एन' किंवा ईओएफ मिळेपर्यंत. दोन्ही तपासा, नाहीतर इनपुट संपल्यावर हाही लूप थांबणार नाही. आणि गेटकॅरची किंमत इंटमध्ये (पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये) घ्या, कॅरमध्ये (एका कॅरेक्टरच्या व्हेरिएबलमध्ये) नको: कॅरमध्ये ईओएफ आणि खरं कॅरेक्टर यांचा घोळ होऊ शकतो.

पण माणूस समोर बसून टाइप करत असेल तर मी स्वतः स्कॅनएफ वापरत नाही. त्याच्या नावातला शेवटचा 'एफ' फॉरमॅटेडचा आहे. ठरलेल्या साच्यातला मजकूर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने छापलेले रकाने वगैरे, वाचायला ते उत्तम आहे. माणूस साच्यात टाइप करत नाही. त्याच्याकडून आधी अख्खी ओळ घ्यावी आणि मग ती तपासावी:

एफगेट्स(ओळ, साइझऑफ ओळ, एसटीडीइन)

आणि मग

एसस्कॅनएफ(ओळ, "%डी %सी", &वय, &जादा)

इथे 'जादा' हे नुसतं एक कॅर व्हेरिएबल आहे. उत्तर १ आलं तर ओळीत एक आकडा होता आणि बाकी काही नव्हतं, कारण शेवटचं '\एन' मधली स्पेस गिळते आणि "%सी" ला काही मिळत नाही. २ आलं तर आकड्यामागे काहीतरी चिकटलं होतं. कुणी १७.५ टाइप केलं तर साधा "%डी" खुशाल १७ घेऊन बिंदूपाशी थांबतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. इथे तो बिंदू 'जादा'मध्ये सापडतो. शून्य किंवा ईओएफ आलं तर ओळीत सुरुवातीला आकडाच नव्हता. काहीही झालं तरी ती ओळ वाचून संपलेली असते, पुढच्या प्रश्नाच्या पायात येत नाही. लूप सैराट होण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त एफगेट्सने नल दिलं तर इनपुट संपलं समजून बाहेर पडा. टाइप केलेली ओळ तुमच्या ॲरेपेक्षा (ती ठेवायला राखलेल्या जागेपेक्षा) लांब असेल तर उरलेला भाग मागे राहतो, म्हणून ॲरे ऐसपैस ठेवा.

एक गोष्ट यातूनही निसटते. इंटमध्ये मावणार नाही असा लांबलचक आकडा "%डी" ला दिला तर काय होईल हे स्टँडर्डने मोकळं सोडलं आहे. तिथे स्ट्रटूएल (मजकुराचा लाँग आकडा करणारं फंक्शन) वापरा. आकडा कुठे संपला तो पत्ता ते देतं, आणि आकडा लाँगच्या मर्यादेबाहेर गेला तर एररनो या चूक नोंदवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ईरेंज ही खूण टाकतं. इंटची मर्यादा मग आपणच तपासायची. हेच काम करणाऱ्या एटूआयच्या वाटेला जाऊ नका, त्यात चूक कळण्याची सोयच नाही.

तुमच्या कोडमध्ये नाव "%एस" ने घेतलंय, तिथेही थांबा. एक तर "%एस" पहिल्या स्पेसपाशी संपतो, त्यामुळे आडनाव मागे राहतं आणि पुढच्या स्कॅनएफच्या गळ्यात पडतं. दुसरं जास्त गंभीर: ॲरे किती मोठा आहे हे त्याला माहीतच नसतं. नाव[२०] असेल तर "%१९एस" लिहा, विसावी जागा शेवटच्या '\०' साठी. प्रिंटएफसारखी तारका टाकून रुंदी बाहेरून देता येत नाही, कारण स्कॅनएफमध्ये तारकेचा अर्थच वेगळा आहे: "%*डी" म्हणजे आकडा वाच, पण कुठे ठेवू नको. याच दुखण्याचं थोरलं भावंड म्हणजे गेट्स हे फंक्शन, ज्याला मर्यादा देण्याची सोयच नव्हती. नोव्हेंबर १९८८ मधल्या मॉरिस वर्मने (इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या प्रोग्रामने) फिंगर सेवेतल्या गेट्सच्या ५१२ बाइटच्या बफरमधूनही वाट काढली होती. तरीही ते स्टँडर्डमधून गेलं थेट २०११ च्या आवृत्तीत.

"%आय" बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वतःच्या नोंदींसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, तारीख "%आय-%आय-%आय" अशी घ्यायचा. वाटलं, आय म्हणजे इंटिजर, डीचाच भाऊ. आठवडाभर झकास चालला, ८ तारखेला मोडला, ९ ला मोडला, १० ला आपोआप बरा झाला! मी काहीही बदललं नव्हतं. "%आय" पुढचं शून्य बघून आकडा अष्टमान पद्धतीचा समजतो. ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच. ०८ मध्ये मात्र तो शून्य घेऊन थांबतो, कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही, आणि पुढे '-' च्या जागी त्याला ८ दिसतो. मग सगळं तिथेच अडतं. "%डी" ला पुढच्या शून्यांनी फरक पडत नाही. परत आलेला आकडा तेव्हा ३ शी ताडून पाहिला असता तर ८ तारखेलाच उलगडा झाला असता.

शेवटचं, तुमच्या टक्केवारीच्या ओळीबद्दल. तिथे डबल (फ्लोटपेक्षा मोठा दशांश प्रकार) व्हेरिएबल आहे आणि "%एफ" लिहिलंय, म्हणून विचित्र आकडे येतायत. प्रिंटएफला फ्लोट दिला तरी पोहोचेपर्यंत त्याचा डबल झालेला असतो, त्यामुळे तिथे "%एफ" दोन्हींना चालतो. स्कॅनएफला आपण किंमत देत नाही, पत्ता देतो. त्या पत्त्यावर किती जागा आहे हे त्याला फक्त फॉरमॅटवरूनच कळतं: फ्लोटला "%एफ", डबलला "%एलएफ". त्याच कारणाने आकड्यांच्या व्हेरिएबलपुढे & लागतो आणि नावाच्या ॲरेपुढे नाही, ॲरेचं नाव तिथे पत्ताच असतं. जीसीसी या कंपाइलरला -वॉल हा पर्याय देऊन कंपाइल करा. विसरलेला & आणि चुकलेला "%एफ" या दोन्हींवर तो बोट ठेवून दाखवेल.